गुरुवारी 74 डिग्री, शनिवारी दीड फूट बर्फ: डेन्व्हरच्या वसंतातल्या हिमवादळाचा अंदाज कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: अरोरात, डेन्व्हरच्या आग्नेयेला घर. एप्रिलचा दुसरा आठवडा, आज बुधवार. उद्या 74 फॅरनहाइट (23 सेल्सिअस), शुक्रवारी संध्याकाळी शीत आघाडी, शनिवारी "10 ते 18 इंच". एक ॲप 4 इंच म्हणतं, दुसरं 22. आई-बाबांची भारतात परतायची फ्लाइट शनिवारी रात्री आहे. स्प्रिंकलर गेल्या आठवड्यात चालू केलाय, टोमॅटोची रोपं लावून झालीत. विश्वास कशावर ठेवायचा आणि तयारी काय करायची?

आधी फ्लाइटचं सांगतो, कारण तिथे वेळ हातातून जातो. एवढं मोठं वादळ दिसू लागलं की विमान कंपन्या बहुधा एक-दोन दिवस आधी तारीख फुकट बदलून देण्याची सवलत जाहीर करतात. ती दिसली की शुक्रवारी दुपारपर्यंतची फ्लाइट घ्या किंवा सरळ सोमवार धरा. रविवार घेऊ नका. शनिवारी रद्द झालेल्या सगळ्या फ्लाइटचे प्रवासी रविवारी एकाच रांगेत उभे असतात, आणि विमानं व कर्मचारीही भलत्याच शहरांत अडकलेले असतात. धावपट्टी साफ असली तरी विमानतळाकडे जाणारा पेन्या बुलेव्हार्ड उघड्या माळावरून जातो. तिथे वारा बर्फ आडवा वाहून आणतो आणि रस्त्यावर ढीग घालतो. वयस्कर माणसांना गाडीत बसवून शनिवारी तिकडे निघूच नका.

आता अंदाजाकडे. ॲपवरचा इंचांचा आकडा हा अंदाजाचा सर्वांत कच्चा भाग असतो. वसंतातल्या वादळात तीन गोष्टी बघायच्या: कमी दाबाचं केंद्र कुठून जातंय, बर्फाची पातळी किती उंचीवर आहे, आणि एकूण पाणी किती पडणार. या तिन्ही कळल्या की इंचांचा अंदाज तुम्हीच बांधू शकाल.

केंद्राच्या वाटेचं गणित सह्याद्री पाहिलेल्या माणसाला पटकन कळतं. पावसाळ्यात पश्चिमेचा दमट वारा घाटाला धडकून वर चढतो, म्हणून महाबळेश्वर भिजून निघतं आणि घाटाखाली पूर्वेला वाई तुलनेने कोरडी राहते. रॉकी पर्वत हा डेन्व्हरच्या पश्चिमेला आहे. त्यामुळे रोजचा पश्चिमेचा वारा पर्वत उतरून, गरम आणि कोरडा होऊन आपल्याकडे पोचतो. म्हणजे डेन्व्हर एरवी वाईच्या जागी असतं. पण कमी दाबाचं केंद्र आपल्या कोलोरॅडो राज्याच्या दक्षिणेकडून सरकलं, तर त्याच्या उत्तरेला वारा पूर्वेकडून आणि ईशान्येकडून वाहतो. कॅन्ससच्या सीमेवरची जमीन साधारण 3,500 ते 4,000 फुटांवर, डेन्व्हर 5,280 फुटांवर, पुढचे डोंगर 8-9 हजारांवर. हा सगळा चढ वाऱ्याला चढावा लागतो. त्यात मेक्सिकोच्या आखातातलं बाष्प मिसळलं की डेन्व्हरचं महाबळेश्वर होतं. इथे याला "अपस्लोप" म्हणतात.

म्हणून नकाशावर एवढंच शोधा: केंद्र "फोर कॉर्नर्स"कडून, म्हणजे चार राज्यांच्या कोपऱ्याकडून, राज्याच्या आग्नेय टोकाकडे हळूहळू सरकतंय का? तसं असेल तर मोठा आकडा खरा मानायचा. केंद्र डेन्व्हरवरून किंवा उत्तरेकडून गेलं, तर वारा पश्चिमेचा होतो, कोरडी हवा घुसते आणि दीड फुटाचे दोन इंच होतात. फार दक्षिणेला, न्यू मेक्सिकोत खोल गेलं, तर बर्फ राज्याच्या दक्षिणेला, ट्रिनिडाड आणि प्वेब्लोच्या बाजूला जातो. वाट शे-सव्वाशे किलोमीटर इकडे-तिकडे झाली की निकाल पालटतो. तुमचं एक ॲप 4 आणि दुसरं 22 म्हणतंय, त्यामागे बहुतेक हेच कारण असणार. दोन्ही वेगवेगळ्या संगणकीय प्रारूपांचे आकडे कच्चेच दाखवतात, आणि त्या प्रारूपांचं वाटेवर एकमत झालेलं नाही.

हे मतभेद साधारण गुरुवारी मिटू लागतात. वादळ पॅसिफिकवर असतं तोवर त्याच्या पोटातल्या हवेची थेट मोजणी फार थोडी होते. ते पश्चिम किनाऱ्यावर आलं की दिवसातून दोनदा सोडल्या जाणाऱ्या फुग्यांच्या जाळ्यात सापडतं. ते फुगे उन्हाळी वेळेनुसार डेन्व्हरच्या घड्याळात सकाळी आणि संध्याकाळी 6 च्या मोजणीचे असतात. म्हणजे उद्या संध्याकाळच्या मोजणीनंतरचा, शुक्रवारी पहाटे प्रसिद्ध होणारा अंदाज आजच्या अंदाजापेक्षा पुष्कळ पक्का असेल. मोठे निर्णय त्यावर घ्या. एकट्या-दुकट्या नकाशापेक्षा समूह-अंदाज बघा. युरोपियन हवामान केंद्राचं प्रारूप सुरुवातीच्या परिस्थितीत किंचित फरक करून 51 वेळा चालवतात, अमेरिकेचं 31 वेळा. त्यातल्या बहुतेक धावा एका बाजूला झुकल्या तर भरवसा वाढतो.

नॅशनल वेदर सर्व्हिसचं, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याचं, बोल्डर कार्यालय तुमच्या भागाचा अंदाज देतं. त्यांच्या पानावर दोन गोष्टी रोज वाचा. एक म्हणजे अंदाजकारांची चर्चा. त्यात ते कशाबद्दल साशंक आहेत हे मोकळेपणाने लिहितात, आणि ती शंका आकड्यापेक्षा जास्त कामाची असते. दुसरी गोष्ट म्हणजे शक्यतांचे नकाशे: "किमान इतका", "अपेक्षित इतका", "कमाल इतका". किमान म्हणजे त्याहून जास्त पडण्याची शक्यता दहात नऊ, कमाल म्हणजे दहात एक. किमान 3 आणि कमाल 20 असेल तर वाट ठरलेली नाही. किमान 9 आणि कमाल 19 असेल तर कामाला लागा. "विंटर स्टॉर्म वॉच" म्हणजे शक्यता निम्म्याहून अधिक, "वॉर्निंग" म्हणजे साधारण 80 टक्क्यांच्या पुढे. "ब्लिझर्ड वॉर्निंग" मात्र वेगळं प्रकरण आहे. त्यात इंचांचा संबंधच नाही: ताशी 35 मैलांचा वारा किंवा वारंवार तेवढे झोत, आणि पाव मैलापेक्षा कमी दृश्यमानता, हे किमान 3 तास. 13 मार्च 2019 च्या वादळात डेन्व्हर विमानतळावर बर्फ 7 इंचांच्या आसपासच होता, पण वाऱ्याचे झोत ताशी 80 मैलांपर्यंत गेले आणि कोलोरॅडोत शेकडो गाड्या माणसांसकट रस्त्यांवर अडकल्या. निव्वळ इंच बघणाऱ्याला ते वादळ किरकोळ वाटलं असतं.

आता बर्फाची पातळी. वसंतात सगळा खेळ 33-34 फॅरनहाइटच्या आसपास चालतो, आणि अंदाज सर्वांत जास्त चुकतो तोही इथेच. शून्य सेल्सिअसची रेषा ज्या उंचीवर असते, त्याच्या साधारण हजार फूट खालपर्यंत बर्फ न वितळता पोचतो. ही खालची हद्द म्हणजे बर्फाची पातळी. ती 6,000 फुटांवर राहिली, तर आग्नेय अरोराच्या उंच वस्तीत बर्फ आणि डेन्व्हरच्या नदीकाठच्या भागात पाऊस, एकाच शहरात. तुमचं घर कुठल्या उंचीवर आहे ते आजच बघून ठेवा. अरोरातच 5,400 पासून 6,000 फुटांपर्यंत फरक पडतो.

पातळी खाली ओढणारी दोन कारणं असतात. पहिलं माठाचं. माठाचं पाणी बाष्पीभवनामुळे गार होतं, तसं कोरड्या हवेत पडणारा पाऊस हवेलाच गार करतो. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी तापमानाबरोबर दवबिंदूही (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं) बघा. समजा तापमान 42 आणि दवबिंदू 24 आहे. पाऊस सुरू झाल्यावर हवा साधारण 34 पर्यंत उतरेल आणि लवकरच बर्फ सुरू होईल. तेच तापमान 42 पण दवबिंदू 38 असेल, तर हवा 40 च्या खाली फारशी जाणार नाही, आणि वरून आणखी थंडी येईपर्यंत पाऊसच पडत राहील. दुसरं कारण म्हणजे जोर. वितळणारा बर्फ आजूबाजूच्या हवेतली उष्णता शोषून घेतो. जोरात पडला तर तो स्वतःच हवा गोठणबिंदूपर्यंत आणतो, भुरभुर पडला तर ते जमत नाही. त्यामुळे जिथे सरींचा पट्टा बसतो तिथे पांढरं, आणि 10 किलोमीटरवर नुसतं ओलं, असं होतं.

शिवाय सूर्य आहेच. 10 एप्रिलचा सूर्य 1 सप्टेंबरइतका वर असतो. ढगांतूनही त्याची ऊब रस्त्याला पोचते. तासाला पाऊण इंचापेक्षा कमी वेगाने दिवसा पडलेला बर्फ डांबरावर बहुधा साचत नाही, गवतावर साचतो. तोच रात्री पडला की सगळीकडे साचतो. म्हणून "किती" इतकंच "कुठल्या वेळी" महत्त्वाचं. मार्च 2021 मध्ये शनिवारी दिवसभर म्हणावा तसा बर्फ दिसेना, तेव्हा अंदाज फसला असं बरेच जण म्हणू लागले होते. वादळ थोडं उशिरा आलं इतकंच. 13 आणि 14 तारीख मिळून डेन्व्हरची नोंद 27.1 इंचांची झाली, त्यातला बहुतेक बर्फ रविवारचा. तेव्हा शनिवारी सकाळी अंगणात नुसता पाऊस दिसला म्हणून गाडी काढू नका.

तिसरी गोष्ट पाणी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. जानेवारीतला कोरडा बर्फ 15 इंच वितळवला तर 1 इंच पाणी निघतं. एप्रिलच्या ओल्या बर्फात 6 ते 8 इंचांतच तेवढं पाणी असतं. समजा 18 इंच पडला आणि प्रमाण 7 ला 1 आहे. म्हणजे साधारण 65 मिलिमीटर पाणी, म्हणजेच दर चौरस मीटरला 65 किलो. दोन गाड्यांचा ड्राइव्ह-वे 55 चौरस मीटरचा धरला, तर तुम्हाला साडेतीन टन उचलायचंय. 18 इंच साचल्यावर एका फावड्यात पूर्ण जाडीचा तुकडा घेतला तर तो 10 किलोचा भरतो. 4 इंच साचल्यावर काढला तर सव्वादोन किलोचा. त्यामुळे दर 4 इंचांनी बाहेर पडा, ढकलत न्या, उचलून खांद्यावरून फेकू नका. फावड्याला आधी मेण किंवा सिलिकॉनचा स्प्रे मारा, नाहीतर ओला बर्फ पात्याला चिकटून बसतो आणि तेच वजन पुन्हा-पुन्हा उचलावं लागतं. बाबांना मदतीचा मोह होईल, त्यांना फावडं देऊ नका. थंड हवा, एवढ्या उंचीवरचा विरळ प्राणवायू आणि अचानक आलेला जड व्यायाम, हे तिन्ही मिळून हृदयावर मोठा ताण येतो. छातीत दाब, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाम असं काही जाणवलं तर थांबायचं आणि लगेच 911.

वजन किती होतं याचं इथलं ठळक उदाहरण मार्च 2003 चं. डेन्व्हरला 31.8 इंच बर्फ पडला, आणि विमानतळाच्या मुख्य इमारतीचं तंबूसारखं कापडी छत त्या भाराने फाटलं. घराच्या उतरत्या छताला सहसा भीती नसते. पॅटिओवरचं सपाट पत्र्याचं छप्पर, कापडी मांडव आणि ट्रॅम्पोलिनवरची जाळी मात्र शुक्रवारीच उतरवा.

झाडांचंही तेच. एल्म आणि क्रॅबॲपलला आता पालवी फुटलेली असते, पेअर फुलांनी भरलेला असतो. पान-फुलांवर ओला बर्फ अडकतो, नागड्या फांदीवर तेवढा अडकत नाही. 2-3 इंच साचल्यावर लांब दांड्याच्या झाडूने फांदी खालून वर हलकेच उचला. वरून झोडपलं तर वाकलेली फांदी तिथेच मोडते. फांदी गोठून कडक झाली असेल तर हात लावू नका, ऊन करेल ते काम. फांदीजवळून विजेची तार जात असेल तर त्या झाडाखाली जायचंच नाही.

फांद्या तारांवर पडतात म्हणून अशा वादळात वीज जाते, आणि घर गरम करणाऱ्या गॅसच्या फर्नेसलाही पेटायला आणि हवा फिरवायला वीज लागते. फोन आणि पॉवर बँक शुक्रवारी भरून ठेवा, आई-बाबांची औषधं एका जागी काढून ठेवा. वीज गेल्यावर फ्रिज बंद ठेवला तर साधारण 4 तास टिकतो, भरलेला फ्रीझर 48 तास. घर गरम करायला गॅसची शेगडी किंवा बार्बेक्यू आत पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाहेरच्या भिंतीत फर्नेसचे दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप असतील, बहुधा जमिनीपासून फूट-दीड फुटावर. वाऱ्याने साचलेला ढीग ते बुजवतो. शनिवारी दर 3-4 तासांनी टॉर्च मारून बघा आणि हाताने मोकळे करा.

स्प्रिंकलर आजच बंद करा. तळघरातली त्याची चावी फिरवा, त्याच पाइपवरचा निचऱ्याचा नळ उघडा. मग बाहेर भिंतीलगतचा पितळी बॅकफ्लो व्हॉल्व्ह, म्हणजे स्प्रिंकलरचं पाणी उलटं घरात येऊ न देणारी झडप. त्याचे दोन्ही दांडे 45 अंशांत तिरके ठेवा, म्हणजे बॉल व्हॉल्व्हच्या पोटात पाणी अडकून राहत नाही. बाजूच्या छोट्या चाचणी नळ्या स्क्रूड्रायव्हरने अर्ध्या फिरवून पाणी जाऊ द्या. वर जुना टॉवेल गुंडाळा, त्यावर प्लास्टिकची पिशवी, खालून थोडी उघडी. एप्रिलमध्ये फुटतो तो बहुधा हाच भाग, कारण जमिनीतले पाइप अजून उबदार असतात आणि हा एकटा हवेत उघडा असतो.

बागेत गोंधळ होतो तो बर्फ आणि गारठा एकच समजल्यामुळे. मेथी, पालक, वाटाणा, कोथिंबीर यांना बर्फाखाली काही होत नाही. बर्फाच्या दुलईखाली तापमान 32 च्या आसपास टिकून राहतं. धोका त्यानंतरच्या निरभ्र रात्रीचा. टोमॅटो-मिरची मात्र जगणार नाही. इथले जुने बागकाम करणारे मे महिन्यातल्या मदर्स डेपर्यंत टोमॅटो जमिनीत घालत नाहीत, ते उगाच नाही. लावलीच आहेत तर प्रत्येक रोपावर उलटी बादली, तिच्यावर जमिनीला टेकेल अशी जुनी चादर आणि कडेने विटा. चादर थेट रोपावर टाकली तर ओल्या बर्फाने रोप चिरडतं, आणि प्लास्टिक पानाला चिकटलं की तिथे पान करपतं. दिवसा तापमान वर गेलं की हे सगळं काढा.

शुक्रवारी काय दिसेल तेही सांगतो, म्हणजे दचकायला होणार नाही. दुपारपर्यंत नैर्ऋत्येचा कोरडा, गरम, जोराचा वारा. अशा दिवशी वणव्याचा इशाराही असतो, बाहेर काही पेटवू नका. मग उत्तर क्षितिजावर धुळीची किंवा ढगांची कड दिसते, वारा पंधरा-वीस मिनिटांत उत्तरेचा होतो आणि दोन-तीन तासांत तापमान 20-30 फॅरनहाइटने उतरतं. पहिल्या सरीत साबुदाण्यासारखे पांढरे, मऊ दाणे पडतील, कदाचित गडगडाटही होईल. या दाण्यांनी रस्ता एकदम निसरडा होतो. तेव्हा ऑफिसातून 4 च्या आत घरी या. दक्षिणेला कोलोरॅडो स्प्रिंग्सकडे जाणारा आय-25 महामार्ग मॉन्युमेंट हिलवर 7,300 फुटांच्या वर चढतो, तिथे तुमच्याआधी काही तास बर्फ लागतो. पश्चिमेला आय-70 महामार्गावर डोंगरात जायचं असेल तर मॉरिसन ते डॉट्सेरो या पट्ट्यात 31 मेपर्यंत टायर आणि साखळ्यांचा नियम लागू असतो. या शनिवार-रविवारी जाऊच नये हे बरं.

किती पडला ते गवतावर मोजू नका, आकडा फुगतो. दीड-दोन फुटांची पांढरी रंगवलेली प्लायवूडची फळी घर आणि झाडांपासून दूर ठेवा. दर 6 तासांनी, त्याहून लवकर नाही, इंचाच्या दहाव्या भागापर्यंत मोजा आणि फळी पुसून पुन्हा वर ठेवा. पाणी मोजायचं असेल तर 4 इंच व्यासाच्या पर्जन्यमापकाचं बाहेरचं नळकांडं फळीवरच्या बर्फात उलटं दाबा, तो गोल तुकडा घरात आणा, मोजून कोमट पाणी घाला, वितळल्यावर एकूण पाण्यातून ते वजा करा. असे आकडे रोज पाठवणाऱ्या स्वयंसेवकांचं जाळं, कोकोराज, इथूनच, फोर्ट कॉलिन्समधून 1998 मध्ये सुरू झालं. आदल्या वर्षी जुलैत त्या शहरात पूर आला होता, आणि पाऊस एका टोकाला किती व दुसऱ्या टोकाला किती याची नोंद पुरेशी नव्हती. तुमच्या अंगणातला आकडा बोल्डरच्या अंदाजकारांना खरंच हवा असतो, विशेषतः पाऊस आणि बर्फाची सीमा शहरातून जात असताना.

रविवारी दुपारी ऊन पडेल आणि रस्ते चकाकू लागतील. संकट संपलं असं वाटेल, पण आकाश निरभ्र झालं की रात्री तापमान 22 पर्यंत जाऊ शकतं. दिवसभर वितळलेलं पाणी सोमवारी पहाटे पारदर्शक काचेसारखं गोठलेलं असतं, आणि सगळ्यांत आधी ते उत्तरेकडे तोंड असलेल्या ड्राइव्ह-वेवर आणि पुलांवर. सोमवारची फ्लाइट घेतली असेल तर दुपारची घ्या. ड्राइव्ह-वेच्या तोंडाशी रस्ता साफ करणाऱ्या गाडीने लोटलेला बर्फाचा बांध रविवारी संध्याकाळीच, मऊ असताना काढा, सोमवारी तो दगड होतो. स्प्रिंकलर मंगळवारनंतर, रात्रीचं तापमान सलग 32 च्या वर दिसेल तेव्हाच उघडा, आणि उघडताना चावी एकदम न फिरवता पाव-पाव फिरवून बॅकफ्लोच्या सांध्यांना थेंब येतात का बघा. बाहेर काढलेली कढीपत्त्याची कुंडी असेल तर ती उद्या रात्रीच आत घ्या, दक्षिणेच्या खिडकीत. मे अर्धा सरेपर्यंत ती तिथेच राहू द्या.